डाव्या बाजूचा कार्बोरेटर

बोरीवली,
४ फेब्रुवारी २०२५

मामा,

माझं सगळं फिरलं ते परवाच्या रविवारी, लहूकाकांनी फ्रीजवरची किल्ली उचलून माझ्या अंगावर फेकली त्या क्षणी.

फोन करून उपयोग नाही, तुला ऐकू येत नाही. मेसेज पाठवला तर तुझ्या लेकाच्या, म्हणजे नितेशदादाच्या मोबाईलवर जाणार आणि तो आधी वाचणार. गणपतीत तो मला म्हणाला होता, 'परत या घरात पाऊल टाकू नकोस', आणि मी म्हटलं होतं, 'नाही टाकत जा.' ते अजून तसंच आहे. म्हणून कागदावर लिहितोय. मथुरामावशी मनोरीहून रोज इथल्या बाजारात मासे घेऊन बसते, तिच्याकडे डबा दिलाय. पत्राला बोंबलाचा वास आला तर दोष माझा नाही.

हेमांगी तुला आठवत असेल. आमच्या ताईच्या लग्नात तुझ्याशी कोणी बोलत नव्हतं, तेव्हा जी पेनने तळहातावर लिहून तुझ्याशी गप्पा मारत होती, ती. मी तिच्याच कॉलेजात होतो. होतो म्हणजे नोव्हेंबरपर्यंत. श्रेयस नावाचा एक मुलगा कॅन्टीनमध्ये तिच्याबद्दल काहीतरी घाण बोलला. मी त्याला तिथेच फोडला. प्रिन्सिपल म्हणाले माफी माग. नाही मागितली, दप्तर उचललं आणि निघालो, परत गेलोच नाही. आता कांजूरमार्गला कुरियरच्या गोडाऊनमध्ये खोके उचलतो. तिच्यासाठी केलं सगळं. तर ती म्हणते, 'मी सांगितलं होतं का तुला?'

रविवारी सरळ तिच्या बाबांसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, लहूकाका, मला हेमांगीशी लग्न करायचंय. ते पेपर वाचत होते. वरून खाली बघितलं आणि म्हणाले, "कॉलेज धड केलं नाहीस. येतं काय रे तुला? ती जिन्याखाली पडलीय ना, ती चालू करून दाखव. मग बोलू." आणि किल्ली फेकली.

जिन्याखाली त्यांची जुनी राजदूत मोटरसायकल आहे. थ्री-फिफ्टी, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर. हेमांगीची आई गेली तेव्हापासून ताडपत्रीखाली. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय, पाडव्यानंतर सगळे घरं सोडणार. तोपर्यंत चालू झाली नाही तर गाडी भंगारात.

मग बोलू म्हणाले मामा! तोंडाने म्हणाले! हेमांगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पण तिने मान फिरवली. लाजली असणार. जानेवारीत एकदा नॅशनल पार्कच्या गेटवर मला म्हणाली होती, 'निमेश, हे सगळं नको रे आता.' पण ते बाबांच्या भीतीने. आता बाबांनीच किल्ली दिली म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

दोन्ही कार्बोरेटर उतरवले. आत जुन्या पेट्रोलचा गोंद झालाय, जेटची भोकं दिसतसुद्धा नाहीत. आई देवाची समई आमसुलाच्या पाण्यात घालते ना, तसा डाव्या बाजूचा रात्रभर आमसुलात घातला. सकाळी काळा पडला, वर पांढरी भुकटी, बोट लावलं तर खरखरीत. सोबत पाठवलाय. उजवा अजून तसाच आहे. आता काय करू?

तुझा,
निमेश

ता.क. खुशीत निघताना त्यांचं दार एवढं आपटलं की लहूकाका आतून ओरडले, "मेल्या, दार हळू!" ते दार खालून फुगलंय. जरा वर उचलून ओढलं की गप्प लागतं, हेमांगीनेच कधीतरी दाखवलेलं. पण एवढा धीर कोणाला?


मनोरी,
९ फेब्रुवारी

चि. निमेश यास आशीर्वाद,

शिरा पडो तुझ्या तोंडावर. आमसूल! अरे मेल्या, तो कार्बोरेटर आहे, सोलकढी नाही.

तुझी आई आमसुलाने घासते ती समई पितळेची. कार्बोरेटरचं अंग जस्ताचं ओतीव. त्याला आंबट लागलं की ते भिजलेल्या बिस्किटासारखं होतं. तू डब्यात पाठवलास तो मी खिडकीत धरून बघितला. फ्लोटची सुई जिथे टेकते ती जागा खाल्ली गेलीय. असाच बसवलास तर सुई पेट्रोल अडवणार नाही आणि सगळं ओव्हर होऊन जमिनीवर. एखादा विडी ओढत जिन्यावरून उतरला तर लग्नाआधीच होम.

उजव्याला आमसूल दाखवूसुद्धा नकोस. सुटे भाग करून रॉकेलमध्ये ठेव, मऊ ब्रशने धू, मग हवा मार. जेटच्या भोकात तार घालशील तर हात मोडीन. तारेने भोक मोठं होतं, मग गाडी पेट्रोल पिते नुसती. डब्यात तंगूस ठेवलीय, जाळ्याचा नायलॉन दोरा, सगळ्यात बारीक. तीच घाल आणि हळू फिरव. भोकातून आकाश गोल दिसलं पाहिजे.

डाव्याला सुई टेकायला पितळेची नवी बैठक करून आत दाबावी लागेल. मालाडला राजाराम लेथवाला आहे, त्याच्याकडे नेतो.

आता दुसरं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. कार्बोरेटरबद्दल तू पान भरून लिहिलंस, आणि पोरगी 'नको' म्हणाली ते एका ओळीत उरकलंस. मी बहिरा माणूस. कोण काय बोलतो ते मला त्याच्या तोंडाकडे बघूनच कळतं. ती बोलली तेव्हा तू तिच्या तोंडाकडे बघितलंस काय?

तुझा मामा,
धोंडू


बोरीवली,
१६ फेब्रुवारी

मामा,

तू मेकॅनिक आहेस ना, मेकॅनिकच राहा. तुला पार्ट दुरुस्त करायला पाठवला होता, माझं डोकं नाही.

हे वरचं खोडत नाही, कारण ते लिहिताना खरं होतं. पण आता राग उतरलाय.

उजवा झकास झाला. तुझी तंगूस पायलट जेटमधून आरपार गेली तेव्हा मी जिन्याखाली एकटाच ओरडलो. भोकातून बघितलं तर आकाश नाही दिसलं, समोरच्या बिल्डिंगचं प्लास्टर दिसलं. पण गोल दिसलं.

कामावरून सुटलो की रोज इथेच येतो. आणि लहूकाका रोज खाली येतात, मामा! पहिल्या दिवशी लांब उभे राहिले. मग स्टूल आणलं. मग चहा. काल टाकीवरची धूळ त्यांनी स्वतः पुसली, आपल्या बनियनने. पुसता पुसता सांगत होते, लग्नानंतर हिच्यावरून दोघं गणपतीपुळ्याला गेले होते, वाटेत कशेडी घाटात डावं सिलिंडर मिसिंग मारायला लागलं आणि हेमांगीच्या आईने उतरून धक्का मारला, नऊवारीत. सांगताना एवढे हसले की खोकला लागला. वरच्या मजल्यावरच्या रेवतीकाकू वाकून बघायला लागल्या. म्हणाल्या, "लहूभाऊ हसतायत? बरं आहे ना सगळं?"

सासरा पटला, मामा. लिहून ठेव.

हेमांगी फोन उचलत नाही. परीक्षा आहे तिची. पण परवा जिन्यावरून उतरताना थांबली. मी हातातला फ्लोट तिला दाखवला. तिने बाबांच्या रिकाम्या स्टुलाकडे बघितलं आणि म्हणाली, "अजून नाही ना झाली?" बघ. तिलाही घाई झालीय.

तूच सांग, आता याला काय म्हणायचं?

डावा लवकर पाठव.

निमेश


मनोरी,
२ मार्च

चि. निमेश,

राजाराम शिमग्याला गावी गेलाय. कोकणातला माणूस, शिमग्यापुढे त्याला लेथ दिसत नाही. आल्यावर बघू.

पोरीने 'अजून नाही ना झाली' असं विचारलं म्हणतोस. 'अजून झाली नाही का' असं नाही विचारलं. मी हे नुसतं लिहून ठेवतोय, तू परत चिडशील.

गाडी कुठे पळून जात नाही. थांब जरा. आईशी दोन शब्द बोलतोस ना?

धोंडू


बोरीवली,
१९ मार्च

मामा,

खोटारड्या!

आज मथुरामावशीकडे गेलो. म्हटलं, मामाने काही दिलंय का? तर ती पापलेट कापता कापता म्हणते, "तुझा तो डबडा तर कधीचा तयार हाय. फळीवर ठेवलाय पेपरात गुंडाळून. मी इचारला, देऊ काय पोराला, तर तुझा मामा बोल्ला, राहू दे." मला वाटलं डोकं फुटणार. राजारामने बैठक कधीच बसवली, आणि तू पार्ट फळीवर ठेवून गप्प बसलास? इथे पाडवा तोंडावर आलाय! लोकांचे टेम्पो लागायला लागलेत! भंगारवाला येऊन गाडीचं मोजमाप घेऊन गेला, त्याला मी हाकलला!

मी तिथूनच मनोरीच्या फेरीबोटीला निघणार होतो. नितेशदादाने दार अडवलं असतं तर अडवलं असतं.

पण मग मावशी म्हणाली, "ती पोरगी पन येऊन गेली त्याच्याकडं. जांभळी ओढणी. फेरीतून माझ्याच बाजूला बसून आली. हातावर काय काय लिवत होती."

मामा. हेमांगी.

ती तुझ्याकडे आली होती! माझ्यासाठी फेरीत बसून मनोरीला आली! इथे फोन उचलत नाही, जिन्यावर मान वर करत नाही, आणि मागच्या मागे तुझ्याकडे येऊन पार्टसाठी तगादा लावते! मी कामावरून कांजूरमार्गच्या कचरा डंपिंगचा सगळा वास नाकात घेऊन घरी परत आलो तरी मला आज कुठे घाण आली नाही.

हे तू मला सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस? तुला मी एवढा नालायक वाटतो? की माझं काही चांगलं झालेलं तुम्हा कोणालाच बघवत नाही?

डबा उद्या मावशीकडे दे. नाहीतर परवा मी तिथे आहे.

निमेश


मनोरी,
२१ मार्च

चि. निमेश यास,

डबा पाठवलाय. आधी पत्र वाच, मग डबा उघड.

डावा तयार होता हे खरं. मी फळीवर ठेवला हेही खरं. हेमांगी आली होती तेही खरं. पण तगादा लावायला नाही.

ती माझ्या अंगणात बसली. मी नातवाची पाटी दिली. तिने ती बाजूला ठेवली आणि लग्नात लिहिलं होतं तसंच तळहातावर लिहायला लागली. पहिलं वाक्य लिहिलं, 'काका, गाडी चालू होऊ देऊ नका.'

मी विचारलं, का गो बाय?

मग ती लिहीत गेली. तळहात भरला, मनगटाकडे गेली, घामाने पुसलं की परत लिही. तिचं म्हणणं असं. आई गेल्यापासून बाबा हसले नव्हते, आता रोज खाली जाऊन हसतात. बाबा शब्दाचे पक्के. त्या दिवशी त्यांनी तुला कटवायला म्हणून किल्ली फेकली, गाडी काही चालू व्हायची नाही असं धरून. पण गाडीचा आवाज ऐकला की ते 'हो' म्हणतील. मग तिला एकट्या तुझंच नाही, बाबांचंही मन मोडावं लागेल. म्हणून गाडीच चालू झाली नाही तर बरं.

मी विचारलं, तू निमेशला सांगितलंस काय? तर तिने लिहिलं, 'सांगितलं. खूपदा. त्याला ऐकू जात नाही.'

हे तिने मला लिहून दाखवलं, बहिऱ्याला. मग तिच्याच लक्षात आलं आणि ओशाळली. मी हसलो. दुसरं काय करणार होतो? जाताना माझ्या नळावर हात धुतला. शाई पटकन निघत नव्हती.

मी तिला म्हटलं होतं, पाडवा होईपर्यंत ठेवीन. मला वाटलं, तुझी गाडी बंद राहील, पण तुझी लाज वाचेल. आता तू तिच्या येण्याचा भलताच अर्थ काढलास, म्हणून गप्प बसता येत नाही.

बाळा, तुझ्या हाताला काम आहे. ते कोणाच्या 'हो'वर टांगू नकोस.

आता कसं करायचं ते सांगतो. दोन्ही बसव. सायकलच्या स्पोकचे दोन सारखे तुकडे घे, एकेका कार्बोरेटरच्या तोंडात तिरके टेकव आणि अॅक्सिलेटर हळू पीळ. दोन्ही तुकडे एकाच वेळी हलले पाहिजेत. एक आधी, एक मागून, असं झालं तर केबल जुळव. चालू झाल्यावर दोन्ही सायलेन्सरच्या मागे दोन हात धर. कान गेल्यापासून मी तसंच करतो. दोन्ही हातांवर सारखा धक्का लागला की झालं.

मग किल्ली वॉचमनकडे दे आणि घरी जा. वर जाऊ नकोस. ऐक माझं.

धोंडू


बोरीवली,
३१ मार्च

मामा,

तुझं पत्र आधी वाचलं. तू सांगितलं तसंच, डबा उघडायच्या आधी. वाचलं आणि चुरगळलं.

मला काय वाटलं ते सांगू? मला वाटलं, हिला भीती वाटतेय की गाडी चालू होणार नाही आणि चार लोकांत माझी फजिती होईल. म्हणून मला वाचवायला ही असं बोलून गेली. तू लिहिलेला एकेक शब्द मी हातात घेऊन फिरवला आणि मला पाहिजे तसाच बसवला. आता हसू येत नाही. तेव्हा पटलं होतं.

काल पाडवा. सकाळीच गेलो. बिल्डिंगला अर्ध्याच खिडक्यांत गुढ्या, बाकी घरं रिकामी झालेली. डावा बसवला. काय बैठक केलीय राजारामने! पेट्रोल सोडलं, एक थेंब बाहेर नाही. स्पोकचे तुकडे लावले. डावा मागून हलत होता. केबल जुळवली. परत. परत. मग दोन्ही एकदम हलले, जशी दोन माणसं एकाच वेळी मान वर करतात.

किक मारली. काही नाही. परत. घाम डोळ्यांत. मग उजवं धरलं, डावं मिसिंग. मी हवेचा स्क्रू अगदी केसभर फिरवला आणि मागे जाऊन दोन हात धरले, तुझ्यासारखे. डोळे मिटले. उजव्या हाताला थड थड, डाव्याला नुसती वाफ. मग डाव्यालाही लागला, एकदा, मग सारखा. मामा, दोन्ही हातांना सारखा! कानांची गरजच नव्हती. तुला तेव्हा काय होत असेल ते मला कळलं.

सगळा जिना निळ्या धुराने भरला. रेवतीकाकू वरून शिव्या देत होत्या. लहूकाका धावत आले, एका पायात चप्पल. सायलेन्सरपाशी उकिडवे बसले आणि धुरात तोंड घातलं. म्हणाले, "हेमांगीच्या आईला हा वास आवडायचा." मग माझं काळं मनगट धरून मला वर ओढत नेलं.

तू म्हणालास वर जाऊ नकोस. मी गेलो नाही, नेला गेलो. नाही. हे खोटं आहे. मीच गेलो. मला जायचंच होतं.

घरात सगळीकडे बांधलेले खोके. खिडकीला गुढी. हेमांगी भांडी पेपरात गुंडाळत बसली होती. लहूकाकांनी मला खुर्चीत बसवलं, ग्रीस लागलेला तसाच. श्रीखंडाची वाटी हातात दिली. म्हणाले, "बोल आता. मी शब्द दिला होता."

मी तोंड उघडलं.

"बाबा, शब्द तुम्ही दिलात," हेमांगी म्हणाली. "मी नाही दिला."

"अगं पण पोराने—"

"गाडी चालू केली. बघितलं. ऐकलं. चांगली केली. म्हणून मी?"

लहूकाका एका खोक्यावर टेकले. एका क्षणात एवढे म्हातारे झाले, मामा, की मला त्यांच्याकडे बघवेना. ते मघाचं धुरातलं तोंड कुठे गेलं, कळलंच नाही. हेमांगीने ते बघितलं. त्याचीच तर तिला भीती होती. ती माझ्यासमोर येऊन खोक्यावर बसली. आवाज चढवला नाही.

"निमेश, एवढंसं मिसिंग असलं तरी तुला कळतं. जिन्याखालचं मी वरून ऐकत होते. तू किती वेळ तेच तेच लावत होतास. मग मला सांग, जानेवारीत पार्कच्या गेटवर मी काय म्हटलं होतं?"

मला पाठ होतं. शब्दन् शब्द. तिने डाव्या हाताने ओढणी धरली होती तेही. तिच्या तोंडाकडे मी तेव्हा बघितलं नव्हतं, हे मात्र मला काल कळलं. मी म्हणून दाखवलं, "'निमेश, हे सगळं नको रे आता.'"

"मग?"

मामा, एवढे दिवस मी तिच्यासाठी काहीतरी करत होतो, आणि तिने मागितलेली एकच गोष्ट तेवढी केली नव्हती.

मला राग येईल असं वाटलं. मी वाट बघितली. नेहमी येतो ना, इथून, मानेतून. आला नाही. त्याच्या जागी काहीच आलं नाही. असं मला आयुष्यात कधी झालं नव्हतं. तेच सगळ्यात वाईट होतं.

लहूकाका मध्येच म्हणाले, "गाडी घेऊन जा रे. तुझीच आहे ती आता." त्यांना काहीतरी द्यायचंच होतं. मी नकाराची मान हलवली. हेमांगी म्हणाली, "बाबा, गाडी आपण नेऊ नव्या घरी." आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात मी बघत राहिलो. मनगटावर आता शाई नव्हती.

श्रीखंड खाल्लं नाही. वाटी खाली ठेवली, तिच्यावर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा राहिला. किल्ली फ्रीजवर ठेवायला गेलो, फ्रीज बांधलेला होता, तरी वरच ठेवली, तिच्याच जागी. खाली गाडी अजून चालूच होती, मी बंद करायला विसरलो होतो. दोन्ही सिलिंडर सारखे. इतकं सारखं की ऐकवत नव्हतं.

चपला घातल्या. बाहेर आलो. ते फुगलेलं दार खालून जरा वर उचललं, हळू ओढलं, आणि आवाज न करता लावून घेतलं.